कागद जाळायला ठेवलेली

"चुरड," रावसाहेब म्हणाले. "हातानं चुरड."

जळालेलं पान राखेच्या ढिगावर अख्खं पडलं होतं. काळं, पातळ, कडा आत वळलेल्या. मी त्यावर वाकून वाचत होते, तेवढ्यात ते मागून आले. मी पान चुरडलं. खाली निखारा जिवंत होता, तळहात भाजला. वऱ्हांड्यात बाईसाहेब उभ्या होत्या, त्या हसल्या.

"तुला जाळायला ठेवलंय," रावसाहेब म्हणाले. "वाचायला नाही."

ही लोणावळ्यातली गोष्ट, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. मी सोळा-सतरा वर्षांची असेन. आम्ही महारवाड्यातले. रावसाहेब पुण्याचे वकील, हवा खायला बंगल्यावर यायचे. बंगल्याच्या पायरीला आमचा पाय चालत नव्हता. मागच्या आवारात जांभळीखाली एक खड्डा होता. घरातला कागद त्यात नेऊन जाळायचा, हे आईचं काम. तिच्या छातीत दुखायला लागलं आणि ते माझ्याकडं आलं.

कागद जाळायला माणूस कशाला लागतो? त्या घरात लागायचा. छापलेला, लिहिलेला कागद म्हणजे सरस्वती. चुकून पाय लागला तर घरातली पोरं नमस्कार करायची. तो चुलीत घालायचा नाही, आपल्या हातानं पेटवायचा नाही, पाप लागतं. मग ते पाप कुणी घ्यायचं? आम्ही. सरस्वतीला शिवायला आम्ही चालत नव्हतो, जाळायला चालत होतो. भाजलेल्या हाताला चुना लावताना हे मला उमगलं. अंगाची लाही लाही झाली.

आईनं जाळण्याची रीत शिकवली होती. "गठ्ठा तसाच टाकू नगं. आत वारा जात न्हाई. पानं सुटी कर, मंग बग." खरंच होतं. सुटं पान कडेनं धरतं, पिवळं पडतं, तांबूस होतं, मग काळं. निरखून पाहिलं तर ज्योत कागदाला चिकटलेली नसते, जरा वर असते. कागद तापून धूर सोडतो, तो धूर जळत असतो. आणि सगळं विझल्यावर काळ्या पानावर छापील अक्षरं चकाकतात, फुंकर लागेपर्यंत. वस्तीतले एक मामा रेल्वेत गँगमन होते, ते संध्याकाळी आम्हाला अक्षरं शिकवायचे. पुस्तक एकच, तेही फाटकं. जाळायच्या आधी पान हातात रेंगाळलं की बाईसाहेब ओरडायच्या. म्हणून मी राखेवर वाचायची.

हाताचा फोड अजून बसला नव्हता, तेव्हा रावसाहेबांच्या मुलाची जुनी शाळेची पुस्तकं निघाली. सुतळीनं घट्ट बांधलेला गठ्ठा गड्यानं लांबून माझ्यापुढं टाकला. रावसाहेब खुर्ची मागवून बघायला बसले. मुद्दाम.

"रावसाहेब, येक पुस्तक द्या," मी म्हणाले. "आमची पोरं शिकत्यात."

"काडी ओढ."

मी गठ्ठा खड्ड्यात ठेवला. सुतळी सोडली नाही. भोवती पाचोळा लावून काडी ओढली. पाचोळा भडकला आणि विझला. पुस्तकांच्या कडा काळ्या पडल्या, फटींतून दाट पांढरा धूर यायला लागला. ज्योत नाही. सकाळचं धुकं होतं, धूर वर जाईना. आवारात साचला, खिडक्यांतून घरात शिरला.

"सुतळी सोड. पानं सुटी कर."

"न्हाई."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काय म्हणालीस?"

"सरस्वती हाय नव्हं ती? तुमीच सोडा. तुमीच जाळा."

ते उठून खड्ड्यापाशी आले. हात सुतळीकडं गेला आणि मध्येच थांबला. गठ्ठ्याला माझा हात लागला होता. वर जाळण्याचं ते पाप. त्यांनी गड्याकडं पाहिलं, गड्यानं मान खाली घातली. कुणी पुढं येईना. मी लाकडानं गठ्ठा बाहेर ओढला, धुमसत्या कडा ओल्या मातीत दाबल्या आणि उचलला.

रावसाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची घरं गवतानं शाकारलेली ना? एकाला एक लागून?"

एवढंच. मी चालायला लागले. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. ज्वाळेची मला भीती नव्हती, ती दिसते तरी. धुमसणाऱ्याला वारा कधी लागेल ते कळत नाही.

"काम गेलं," आई म्हणाली. "आता खायाचं काय? आन् त्यांनी खरंच पेटवून दिलं तर?"

मामांनी सुतळी कापली. कडेला बोटभर कोळसा, आत पानं पांढरी. वारा पोचलाच नव्हता. कुणी आनंद केला नाही. बायकांनी हंडे भरून दारात ठेवले. पुरुष कुडाला टेकून रस्त्याकडं बघत बसले. पोरांनी पुस्तकं उघडली.

मीही घाबरले होते. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, आणि तो आजही उतरलेला नाही. आईला मी तेव्हा जे सांगितलं तेच आज सांगते. आमची घरं पेटवायची असतील तर त्यांनी स्वतः यावं, स्वतःच्या हातानं काडी ओढावी. त्यांच्या पापाला माझा हात मिळणार नाही.