न कळता म्हटलेलं येस

"मावशी, जरा बाहेर या."

मी ज्यांच्याकडे कामाला आहे, त्या वहिनींनी हाक मारली. मी कणकेच्या हातानेच हॉलमध्ये गेले. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पाच-सहा मैत्रिणी बसल्या होत्या.

"आमच्या मावशी इंग्लिश शिकतायत बरं का! विचारा काहीतरी."

एकीने भराभर काहीतरी विचारलं. मला फक्त 'इंडिया' ऐकू आलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी मान हलवली. "येस मॅडम."

सगळ्या हसल्या. एकीला तर ठसका लागला. वहिनी म्हणाल्या, "गोड आहेत हो आमच्या मावशी." मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

मग वहिनींची मुलगी पाणी प्यायला आत आली. तिचं मराठी अडखळतं. "मावशी, आंटीने विचारला, तुला इंडियाला परत पाठवून डिशवॉशर घेऊया का. तू येस का बोलली?"

खरंच पाठवलं तर? नवरा नाही. मुलीचं लग्न इथल्या पगारावर झालं. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. आखातातल्या अल् खुवैरच्या या फ्लॅटमध्ये सहा वर्षं मी येस म्हणूनच टिकले होते. शुक्रवारची सुट्टी गेली, तेव्हाही कराराचा कागद इंग्रजीत भराभर वाचून दाखवला होता. तेव्हाही मान हलवली होती.

शिकत होते हे मात्र खरं. चौथी शिकलेली बाई, कसलं शिकणार? पण वरच्या मजल्यावर मारिसोल राहायची. कोलंबियाची, भाषा स्पॅनिश. नवरा तेलाच्या कामावर वाळवंटात, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ती इंग्रजीच्या क्लासला जायची आणि सरावाला कोणी नव्हतं. दुपारी गच्चीवर मी कपडे वाळत घालायला गेले की ती फोन घेऊन यायची. फोनमध्ये धडे. दोन माणसं बोलतात, ते डोळे मिटून ऐकायचं. मग काय ऐकलं ते सांगायचं. नाही कळलं तर पुन्हा लावायचं. तीही चुकायची. काल गेले, जात होते, गेले आहे, यात तीही अडकायची. स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायची. पण तिला लाज नव्हती. "अगेन, प्लीज. स्लो," असं ती फोनलासुद्धा म्हणायची.

हळदीकुंकवानंतर दुसऱ्याच दिवशी तिने धडा लावला. मी मान हलवली. तिने फोन बंद केला.

"यू से येस. बट यू डोन्ट अंडरस्टँड. व्हाय येस?"

ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. ओल्या चादरीआड तोंड लपवून मी रडले. त्या दिवसापासून एकच धडा दहा-दहा वेळा ऐकला. पोळ्या लाटताना ऐकला, संडास घासताना ऐकला.

गेल्या आठवड्यात माझा करार पुन्हा करायचा होता. मुलगी पहिलटकरीण. चैत्रात दिवस भरतात. वहिनी तोंडाने म्हणाल्या होत्या, "जा की तेव्हा महिनाभर." सरकारी कागद टाइप करून देणाऱ्या टायपिंगच्या दुकानात क्लार्कने कागद भराभर वाचला. मी सवयीने डोळे मिटले. वाक्यं पळत होती, पण दोन तुकडे माझ्या हाती लागले. नो लीव्ह. टू इयर्स.

"ओके?" क्लार्कने विचारलं.

"येस म्हणा, मावशी," वहिनींनी कोपराने ढोसलं.

मान आपोआप खाली जायला लागली. मी ती धरली. खरंच, एका हाताने हनुवटी धरली.

"अगेन, प्लीज," मी म्हटलं. "स्लो."

वहिनींचा चेहरा लाल झाला. "मावशी, काय चाललंय? तुम्हाला काय कळतं यातलं?"

क्लार्कने माझ्याकडे नीट पाहिलं. मग बोट ठेवून एकेक ओळ सावकाश वाचली. दोन वर्षं रजा नाही. मला कळलं.

"नो," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "नो. आय डोन्ट साइन."

घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, "साहेबांना कळलं तर पहिल्या विमानाने पाठवतील तुम्हाला. मग बसा मुलीच्या दारात."

साहेबांना कळलंय. उद्या ते स्वतः मला त्याच दुकानात नेणार आहेत. वहिनींच्या मुलीच्या जुन्या वहीत हे लिहितेय, तरी दाराकडे कान आहेत. कदाचित परत पाठवतील. कदाचित ओरडतील. दुसरा कागदही आणतील.

आणू देत. सगळा वाचायला लावीन. सावकाश. महिन्याची रजा त्यात लिहिलेली ऐकल्याशिवाय माझी मान हलणार नाही.