कढई बंद असलेल्या घरातली गोबी

आमच्या घरात एअर फ्रायर आला तो माझ्या जिभेच्या हट्टामुळं, हे आधीच सांगून टाकते. गल्लीत मी सगळ्यांना सांगितलं होतं की सासऱ्यांच्या तब्येतीसाठी घेतला. ते अगदीच खोटं नव्हतं. पण सेल लागला होता आणि मोबाइलवर बोट दाबलं, त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढं सासरे नव्हते, गरम भज्यांची ताटली होती.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्या भागातली तशीच रीत आहे. मामा आणि सासूबाई कुंभार पिंपळगावची शेती बटईनं कसायला देऊन काही वर्षांपूर्वी जालन्याला आमच्याकडं राहायला आले. मामांचं खाणं साधं, पण ताटात एक तरी कुरकुरीत पदार्थ हवाच. पापड म्हणा, कुरडई म्हणा, थंडीत गोबीची भजी. फुलकोबीला आमच्याकडं सरळ गोबीच म्हणतात. सासूबाई ताट वाढायच्या आणि पळीभर तेलाची छोटी लोखंडी कढई चढवायच्या. रोज. तेलाबद्दल मी कधी विषय काढला तर म्हणायच्या, "तू शाळेत शिकव गं तुझं विज्ञान. यांच्या पोटात भाकरी जायला पाहिजे का न्हाई?" मी शाळेत खरंच विज्ञान शिकवते. घरात त्याचा कुणावर परिणाम झाल्याचं आठवत नाही.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत सासूबाई गेल्या. दुखणं नाही, खुपणं नाही, बसल्या जागी गेल्या. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि नंतर एका संध्याकाळी मामांनी जाहीर केलं, "वर्षभर या घरात कढई चढवायची न्हाई."

दुखवट्याच्या घरात तळण करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण पुरं वर्षभर? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "असंल आपल्यात." रीतिरिवाजांची त्याची माहिती एवढीच आहे. दिवाळीला शेजाऱ्यांनी, नात्यातल्यांनी फराळाचे डबे आणून दिले. दुखवट्याच्या घरी तसे देतातच. त्यातल्या चकल्या मामांनी पुरवून पुरवून खाल्ल्या. नवरा ऑफिसातून कचोरी हाणून घरी यायचा आणि भूक नाही म्हणायचा. मिशीत शेव अडकलेली असायची. मी मात्र शाळा सुटली की सरळ घरी येणारी बाई, माझे फार हाल झाले.

डबे संपले आणि मामांचं जेवण आटलं. आमटीत भाकरी कुस्करायची, दोन घास खायचे, हात धुवायचा. मी पापड भाजून दिला तर म्हणाले, "कागद खाल्ल्यावानी लागतं." चौकातल्या गाड्यावरून भजी आणून पाहिली. घरी येईस्तोवर ती गार आणि लिबलिबीत झाली, वरून मामांचं पित्त असं उसळलं की नवऱ्यानं माझ्याशी अबोला धरला. मामांचा नेहरू शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. "यांना खायला घाला," एवढंच म्हणाले. मला मनातून भीती वाटायला लागली. बाईमागं वर्षाच्या आत माणूस गेल्याची उदाहरणं आमच्या नात्यातच आहेत, आणि मामा त्याच वाटेला लागल्यासारखे दिसत होते.

तर असा तो एअर फ्रायर आला. नवरा म्हणाला, "एवढी मोठी पेटी, भजी कितीशी होतील यात?" मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं.

पहिल्या दिवशी मी नेहमीसारखं बेसन भिजवलं, त्यात गोबीचे तुरे घोळवले आणि जाळीत ठेवले. जाळीला भोकं असतात, ही गोष्ट विज्ञानाच्या बाईच्या ध्यानात आली नाही. सगळं पीठ गळून खाली त्याचं पिठलं झालं, तेही करपलेलं. वर उघडी गोबी राहिली. ती आम्ही दुसऱ्या दिवशी रश्श्यात टाकली. दुसऱ्या खेपेला पीठ घट्ट केलं, पण गोबी ओलीच होती, मिठाच्या गरम पाण्यातून काढली ती तशीच. ती वरून कडक आणि आतून गिचगिचीत झाली. नवऱ्यानं एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "चांगलंय." त्याचं चांगलंय म्हणजे काय ते मला लग्नापासून कळतं. मला असा राग आला की ती पेटी परत पाठवायचा विचार होता, पण खोका मी रद्दीत दिला होता.

मग मी डोकं थंड ठेवून बसले. गोबी पंच्यावर पसरून पंख्याखाली पार कोरडी केली. बेसनाला सुट्टी दिली. घट्ट दही, लसूण-आलं, लाल तिखट, हळद, मीठ आणि चांगला सढळ हातानं काळा मसाला कालवला, तो तुऱ्यांना चोळला आणि वरून तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लॉवर भुरभुरलं. चमचाभर तेल हातानं लावलं. जाळीत तुरे सुटे सुटे ठेवले, मधे एकदा उलटले. पेटी उघडली तर काय सांगू, लालबुंद, कडा काळपट झालेल्या, आणि दाताखाली कुर्रकन आवाज. तिखट तर असं की नाकातून पाणी. नवऱ्यानं उभ्या उभ्या निम्मी ताटली संपवली आणि या वेळी तो काही बोललाच नाही, त्यावरून काय ते समजले.

तेवढ्यात मामा फिरून आले. मी ताटली पुढं केली. मामांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"माझ्या माघारी कढई चढवलीस?"

"न्हाई मामा, यंत्रात केलं. कढई फळीवर हाय, बघा पाहिजे तर."

"यंत्रात केलं तरी तळणच ते. रंग दिसून राह्यला ना."

मी गरम हवा, तापमान, पीठ कसं वाळतं, सगळं सांगितलं. अर्ध्या तासात सातवीच्या वर्गाला पटलं असतं. मामा उठून आपल्या खोलीत गेले आणि त्या दिवशी तेवढे दोन घासही खाल्ले नाहीत. माझा राग माझ्या नाकावरच असतो, तो उतरेना. यंत्रात केलेलं तळण की भाजणं, याचा निकाल कुणीतरी मोठ्या माणसानं द्यायला हवा, असं मी ठरवलं.

मोठं माणूस म्हणजे माझ्या आतेसासू, मामांची थोरली बहीण. त्या तीर्थपुरीला असतात. नात्यात कुणाच्या घरी काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांना विचारूनच ठरतं. दुसऱ्या दिवशी मामा बाहेर बसलेले पाहून मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि त्यांना व्हिडिओ कॉल लावला. फोन पेटीपुढं धरला.

"हे काय, भाताचा कुकर हाय का?"

"न्हाई आत्याबाई, यात गरम हवा फिरते. गोबी कुरकुरीत होते."

"तेल तापवून त्यात सोडतेस का?"

"न्हाई. चमचाभर तेल नुसतं हाताला लावायचं."

"मंग भाजणं झालं. हुरडा भाजतो तसं. यात इचारायचं काय एवढं?"

मी जिंकले होते. फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण तू कढई काहून बंद ठेवलीस पोरी?"

"आपल्यात वर्षभर तळण चालत न्हाई ना."

"कुणी सांगितलं तुला? तेराव्याला वडे तळले ना आपण? तवा कढई चढली का तळणाचं बंधन सुटलं. वर्षभर सण करत न्हाईत, बराबर हाय. पण रोजचं तळण कोण बंद करतं? आमचे मालक गेले तवा महिन्याभरात मी पापड तळले होते."

"मामा म्हणाले."

आत्याबाईंनी फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाल्या, "त्यालाच इचार मंग. त्याचं काहीतरी येगळं असंल."

मी तशीच तणतणत बाहेर गेले. मामा पायरीवर पेपर घेऊन बसले होते. इतके दिवस घरभर उपास घडवला, स्वतःची हाडं दिसायला लागली, आणि तीही नसलेल्या रीतीपायी, असं बरंच मी बोलून टाकलं. सासऱ्यांशी एवढं मोठ्यानं मी त्याआधी बोलले नव्हते. मामांनी पेपराची घडी घातली.

"तेराव्यानंतर एकदा तू कुरडया तळल्या होत्या. आठवतं का?"

"हो."

"मी इथंच बसलो होतो. आतून तेलात सोडल्याचा आवाज आला आन् मी हाक मारली. जल्दी आण म्हणून."

मला आठवलं. मी ताटली घेऊन घाईनं बाहेर आले होते आणि मामा माझ्याकडं पाहतच राहिले होते. कुरडया करपल्या म्हणून रागावले, असं मला वाटलं होतं.

"ती हाक तुला न्हाई मारली," मामा म्हणाले. "तिला मारली. ती गेली हे मी बिलकुल इसरून गेल्तो. मंग तू बाहेर आलीस."

रस्त्यानं एक पाण्याचा टँकर चालला होता, तो जाईपर्यंत ते थांबले.

"पुन्यांदा तसं नको व्हायला, म्हणून कढईच बंद केली. आता सुनेला असलं सांगता येतं का? रीत म्हणलं का कुणी इचारत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. फार वाईट वाटलं. मला असं वाईट वाटलं की मी कामाला लागते. "आत येऊन बसा," मी म्हणाले. सासूबाई गेल्यापासून मामा स्वयंपाकघरात आले नव्हते. त्या दिवशी आले. मी त्यांना ओट्याजवळ प्लास्टिकची खुर्ची दिली. गोबी पुसून, चोळून जाळीत ठेवली आणि पेटी बंद केली.

मामा गुडघ्यांवर हात ठेवून, अंग आवळून बसले होते. पेटीतला पंखा बारीक घूं घूं करत राहिला. बाकी कसलाही आवाज नाही. थोड्या वेळानं त्यांचे खांदे सैल झाले.

"एवढंच का?"

"एवढंच. झालं की घंटी वाजते."

घंटी वाजली. मी ताटली त्यांच्या हातात दिली. मामांनी एक तुकडा उचलला, फुंकर मारली आणि खाल्ला. कुरकुर आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. दुसरा खाल्ला. तिसरा खाता खाता म्हणाले, "तिच्या हातची चव न्हाई याला."

"न्हाईच. माझ्या हातची हाय."

"म्हणूनच खाता येऊन राह्यलं," मामा म्हणाले. "आण अजून. आन् भाकर दे एक."

मी भाकरी दिली, दुसरा घाणा लावला आणि पेटीकडं तोंड करून रडून घेतलं. तेवढ्यात मामांनी ताटलीतला शेवटचा तुकडाही संपवला.