खबऱ्या होता की नव्हता

माझा धाकटा भाऊ मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावातून काळीपिवळी चालवायचा. त्याच्या गाडीत मास्तर बसत, तेंदूपानाचे मजूर बसत, कधी पोलीसही बसत. एका सकाळी तो रस्त्याच्या कडेला मरून पडलेला सापडला. अंगावर नक्षल्यांची चिठ्ठी होती: पोलिसांचा खबऱ्या.

तेरवीला गावातलं कोणी जेवायला आलं नाही. नंतर हातपंपावर बायका मायशी बोलेनाशा झाल्या. गाव घाबरलं होतं, त्यांना तरी काय म्हणू?

मी ब्रह्मपुरीत शिक्षिका आहे. माय माझ्याकडे आली ती एकच मागणी घेऊन. "सरकारचा कागद आणून दे मले. माझा पोरगा खबऱ्या नव्हता, एवढंच लिवून पायजे."

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. उत्तर आलं, खबर देणाऱ्यांबाबत कोणतीही माहिती देता येत नाही. मी अपील केलं. सुनावणीला गडचिरोलीला गेले. अधिकारी सभ्य होते. त्यांनी पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, दुसऱ्या कोणाचं नाव नको मला. हा नव्हता, एवढं लिहा."

"मॅडम, आज तुमच्या भावासाठी 'नव्हता' लिहिलं, तर उद्या ज्याच्यासाठी लिहिणार नाही, तो होता हे सगळ्यांना कळेल. त्याला जिवंत सोडतील का?"

मी अर्जाचे कागद पिशवीत घातले आणि निघाले. परतताना बसमध्ये आठवलं, भाऊ दिवाळीला आला तेव्हा त्याच्याजवळ दोन फोन होते. "एक सवारीचा राह्यला गाडीत," म्हणाला होता. तोवर त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

माय दारातच उभी होती. "काय म्हणे साहेब?"

"सांगता येत नाई म्हणे."

"काऊन? नव्हता तं नव्हता म्हणायले काय जाते त्याईचं?"

मी समजावून सांगितलं. तिला ते पटलं नाही. दुसरं अपील करते म्हणाले, पण केलं नाही. काय उत्तर येईल ते माहीत होतं. खरं तर उत्तर आलंच तर काय, याचीही भीती वाटू लागली होती.

गावच्या घराला आता कुलूप आहे. माय माझ्याकडेच असते. मागच्या महिन्यात तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "तुले तं तो सारं सांगे. होता का वं तो?"

"नाई," मी म्हणाले. पण तेवढं म्हणायला मला वेळ लागला. तिने सूप बाजूला ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.