अजून ओळख पटंना

निलंग्याच्या कोर्टात स्टेनो म्हणून लागलो, त्याच वर्षी मी भोकरला मुलगी बघायला गेलो. पोहे खाता खाता मी तिला एकामागून एक प्रश्न विचारले आणि सवयीनं तिची उत्तरं डायरीत उतरवून घेतली. आठ दिवसांनी नकार आला. कारण विचारलं तर मध्यस्थी करणारे मामा चाचरत म्हणाले, "पोरगी म्हणली, मला नवरा पाह्यजे, जबानी घेणारा न्हाई."

'अर्ज नामंजूर, खर्चाबाबत आदेश नाही' हे वाक्य मी कोर्टात दिवसातून चार वेळा तरी टाईप करत होतो. त्यानं माझं बोट कधी अडखळलं नव्हतं. स्वतःवर आल्यावर मात्र आठवडाभर घास गोड लागेना. शेवटी मला जे येत होतं तेच केलं. कोर्टात वापरतात त्या जाड लेजर कागदावर फेरविचाराचा अर्ज टाईप केला. वर विषय, मग कारणं एक ते सात, आणि खाली तळटीप: 'सदर डायरी अर्जदाराने चुलीत घातली आहे.' मामांच्या हाती तो भोकरला धाडला.

पंधरा दिवसांनी तोच कागद परत आला. समासात निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'अर्ज अंशतः मंजूर. आईला घेऊन यावे. या वेळी प्रश्न मी विचारीन.'

तिनं नऊ विचारले. दोन मला आले नाहीत, तरी लग्न झालं.

बावीस वर्षं बरी गेली. मग माझ्या पायांवर सूज आली आणि लातूरच्या डॉक्टरांनी दोन्ही किडन्या संपल्याचं सांगितलं. आठवड्यातून दोन वेळा एसटीनं लातूर, चार तास मशीनला बांधून घ्यायचं आणि परत निलंगा. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. किडनी द्यायची तर भावाला साखर होती, आई थकलेली. बायकोनं कुणाला न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या आणि रिपोर्ट माझ्या मांडीवर टाकला.

"गट जुळला," ती म्हणाली. "पत्रिका काय जुळली नव्हती, हे जुळलं."

मी नको म्हणालो. तिनं ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

ऑपरेशन मोठ्या शहरातल्या दवाखान्यात होणार होतं. पण त्याआधी एक समिती कागद तपासते. खोटं नातं दाखवून कुणी किडनी विकत तर नाही ना, हे बघायला. आमची फाईल आठवड्यात परत आली. लग्नाची नोंदणी नव्हती, आणि आधार कार्डावर बायको अजून माहेरच्याच आडनावानं होती. 'पती-पत्नी असल्याचा पुरावा अपुरा.' दुनियेच्या कागदांत चुका काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या लग्नाची नोंद केली नव्हती! नोंदणीच्या मागे लागलो, तर तिथंही लग्नातला फोटो मागितला. अल्बम कुठल्याशा पावसाळ्यात भिजून लगदा झाला होता.

आम्ही भोकरला गेलो. आमच्या लग्नाचे फोटो काढणारे चाचा आता सत्तरीचे होते. दुकान मुलगा बघत होता. चाचांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि माळ्यावरून एक बिस्किटाचा डबा काढायला लावला.

"अल्बमचे तर तुमी घेऊन गेले," ते म्हणाले. "हे बघा, हे तुमी नको म्हनले होते. नापसंत. मी फेकलो न्हाई. कुनाचं लग्न कसं फेकावं?"

डब्यात आमचे अकरा फोटो निघाले. एकात माझे डोळे मिटलेले. एकात हार घालताना तिचा हात माझ्या मुंडावळ्यांत अडकलेला आणि ती रागानं माझ्याकडे बघतेय. एकात मी तोंडात अख्खा लाडू घेऊन बसलोय. चाचांनी पैसे घेतले नाहीत. "दवाखान्यातून आले की एक चांगला काढू," म्हणाले.

समितीत चार जण होते. त्यांतल्या बाईंनी मुंडावळ्यांचा फोटो बराच वेळ बघितला, मग बायकोला विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव?"

"ह्यांचाच हाय," ती म्हणाली. "रोज म्हणतेत, नको देऊ."

बाईंनी फोटो शेजारच्यांकडे सरकवला. "हे नवरा-बायकोच आहेत," त्या म्हणाल्या, आणि सगळेच हसले. मंजुरी मिळाली.

ऑपरेशन नीट झालं. पाच महिने मी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं सुख भोगलं. सहाव्या महिन्यात रिपोर्ट बिघडला. सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासला आणि डॉक्टर म्हणाले, "रिजेक्शनची सुरुवात दिसते. घाबरू नका, वेळेत सापडलंय. तुमचं शरीर या किडनीला परकं समजतंय, म्हणून हल्ला करतंय."

मी घाबरलो होतो. बायको मात्र खुर्चीत पुढं सरकली. "परकं? तेवीस वर्षं झाली की वो लग्नाला. अजून ओळख पटंना?"

डॉक्टर हसले, पण समजावूनही सांगितलं. शरीराचा पहारेकरी इमानदार असतो, तो नातं बघत नाही, फक्त वेगळेपण बघतो. त्याला औषधानं गुंगवून ठेवायचं. तीन दिवस सलाईनमधून इंजेक्शनं चालली. बायको पलंगाशेजारी बसून माझ्या पोटाला दटावायची, "गप राहा आता. पाहुणी न्हाई ती." चौथ्या दिवशी रिपोर्टमधला आकडा उतरायला लागला. पहिल्यासारखा झाला नाही, पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर वर्षानुवर्षं चालतं.

तेव्हापासून लातूरची फेरी महिन्याला एक. गेल्या खेपेला मी माझा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांपुढं बसलो होतो. आकड्यांबद्दल चार-पाच शंका विचारून झाल्या. तेवढ्यात ते बायकोकडे वळले, "आणि ताई, तुमची शेवटची तपासणी कधी झाली?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. तिच्या शेवटच्या तपासणीला दीड वर्ष झालं होतं. तिच्याकडे आता एकच किडनी होती आणि ती कशी चाललीय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. एवढे प्रश्न विचारणारा मी. मला खाली बघावंसं वाटलं.

"आज करू," मी म्हणालो.

"घरी भाकरी करायच्या हायत," ती म्हणाली.

"भाकरी मी बाहेरून आणतो."

रक्त देऊन आम्ही दोन तास बाकावर बसलो. मी तिला विचारलं, पाय दुखतात का, रात्री झोप लागते का, मीठ कमी खातेस का. ती आधी "हाव, हाव" करत राहिली, मग नीट सांगायला लागली. तिचा डावा गुडघा दुखत होता, हे मला त्या बाकावर कळलं. रिपोर्ट चांगला आला. गुडघ्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेतली आणि पाचची निलंगा गाडी पकडली. तिला खिडकीची जागा मिळाली.