आण्णांचा उजवा पाय

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ बोलायला हवं होतं त्या आण्णांजवळ तर नाहीच. चार वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ही पण एक पळवाटच? असू दे. आता बसलोय तर सांगतो.

आधी गाडीबद्दल सांगू द्या. गाडीबद्दल मला सरळ बोलता येतं.

शंभर सीसीची टू-स्ट्रोक. लाल टाकी, तिच्या दोन्ही बाजूंना काळे रबरी पॅड, गुडघे टेकायला. आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगोल्याकडे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. शिक्षण आठवी. जखमा धुवायच्या, लस टोचायला जनावर धरायचं, अडलेल्या म्हशीपाशी डॉक्टरसोबत तासन्‌तास उकिडवं बसायचं. डॉक्टर बदलून जायचे, आण्णा तिथेच. वस्त्यांवरच्या लोकांना डॉक्टरचं नाव ठाऊक नसे, आण्णांचं असे. ही गाडी त्यांनी मी तिसरीत असताना घेतली. मागे लशीचा बर्फाचा डबा बांधलेला, हँडलला पिशवी, आणि सुट्टीच्या दिवशी टाकीवर पुढे मी. गाडी थांबली तरी टाकीची थरथर मांड्यांत राहायची. जळक्या ऑईलचा तो गोडसर वास — आजही कुठे आला तर मी मान वळवतो. तुम्ही नाही वळवत?

आण्णा पुढचा ब्रेक कधीच वापरत नसत. मुरमाच्या रस्त्यावर पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो, हे त्यांचं शास्त्र. सगळं उजव्या पायावर. त्या एका पायाने ते गाडी अशी थांबवायचे, की डब्यातली काचेची एकही बाटली वाजत नसे. मी कान देऊन ऐकायचो. वाजलीच नाही कधी.

मी शिकलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, मग मोहालीची कंपनी मिळाली. चंदीगडमध्ये बत्तीस सेक्टरात वरचा मजला भाड्याने घेतला. खाली मागच्या अंगणात गाडी उभी करायला जागा होती. ती जागा पाहिली आणि मला घरच्या गोठ्यात धूळ खात पडलेली लाल टाकी आठवली. आण्णा निवृत्त झाले होते, दुसरी नवी गाडी वापरत होते. म्हणाले, घिऊन जा, तुजीच हाय. टाकी रिकामी करून, पोत्यात शिवून ती रेल्वेच्या पार्सलने इकडे आली. पोतं उसवलं तेव्हा हेडलाइटच्या आत एक वाळकं गवताचं काडं निघालं. मी ते फेकलं नाही बरेच दिवस.

दोन हिवाळे मी तिच्यावर घालवले. इथलं हिवाळ्यातलं ऊन म्हणजे चीजच वेगळी आहे यार, पाठीवर घेऊन दिवसभर नट घासत बसावं. चंदीगडच्या कडेला, मनीमाजऱ्याला, एक म्हातारे मिस्त्री होते, गुरमेल पाजी. इंजिन त्यांनी बांधून दिलं. बाकी सगळं मी.

आणि मग माझ्या डोक्यात रिअर-सेट आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — पाय ठेवायचे दांडे, डावीकडचं गिअरचं पेडल, उजवीकडचं ब्रेकचं, हे सगळं मूळ जागेवरून वीतभर मागे आणि थोडं वर न्यायचं. माणूस पुढे वाकून बसतो, जुन्या रेसच्या गाड्यांसारखा. दिसतं फार देखणं. मी जाड अॅल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, भोकं पाडली, किक अडू नये म्हणून उजवा दांडा दुमडणारा केला. मागे नेलेलं ब्रेकचं पेडल आणि मागच्या चाकाकडे जाणारी सळई, या दोघांना जोडणारी एक पिन असते, बोटाच्या पेरापेक्षा लहान. ती निसटू नये म्हणून तिच्या भोकात कॉटर पिन घालतात — केसांच्या आकड्यासारखी, दोन पायांची. घालायची आणि पाय फाकवायचे. बास, एवढंच.

त्या दिवशी माझ्याकडे त्या मापाची कॉटर पिन नव्हती. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या गाडीवाल्या मित्रांसोबत मोरनीच्या डोंगरात जायचं होतं, फोटो काढायचे होते. मी जुन्या चार्जरची तांब्याची तार सोलली, पिनेच्या भोकातून दोनदा फिरवली आणि पक्कडीने पीळ दिला. तात्पुरती.

गुरमेल पाजींना गाडी दाखवायला नेली तेव्हा त्यांनी पट्ट्यांवर हात फिरवला, खूश झाले. मग खाली वाकले आणि त्यांना तार दिसली.

“ओ इंजीनियर साब, ए की? चुन्नी बन्नी ए?”

ओढणी बांधलीय का, असं विचारत होते. मी हसलो. म्हटलं, टेम्पररी आहे पाजी.

“टेम्पररी कुछ नहीं हुंदा, पुत्तर. कॉटर पा लईं.”

कॉटर घालतो, पक्का, म्हटलं. आणि तीन आठवडे घातली नाही. का? काही कारण नाही. गाडी चालत होती. मी शहरात शिकलेला चालक, पुढचा ब्रेक वापरणारा. मागच्या पेडलवर माझा पाय नावापुरता पडायचा. तार टिकली ती माझ्या कारागिरीने नव्हे, कुणी तिच्यावर जोरच दिला नाही म्हणून. हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं, एवढं तर मी शिकलो होतो.

नोव्हेंबरात आई-आण्णा आले. आण्णांनी अंगणात गाडी पाहिली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली. टाकीवरचे रबरी पॅड मी जुनेच ठेवले होते, त्यांवरून अंगठा फिरवला. मग रिअर-सेट पाहिले.

“आरं, ही गाडी हाय का घोडं? गुडघं पोटात घालून बसायचं व्हय?”

मी त्यांना समजावलं. लिव्हर, लांबी, जोर कुठे किती लागतो. एखाद्या वर्गात उभा असल्यासारखा बोलत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तू शिकलायस. तुजं बराबर असंल.”

रविवारी सकाळी त्यांनी आधी गल्लीत फेऱ्या मारल्या. दहा तरी मारल्या असतील. पाय मागे शोधायची सवय त्यांना तिसऱ्या फेरीतच झाली. दर वळणाला मागचा ब्रेक, त्यांच्या पद्धतीने, मनापासून. गॅलरीतून आई ओरडली, “आवं, म्हातारपणी शोभतंय का ह्ये!” आण्णांनी हँडलवरचा एक हात सोडून तिला सलाम केला. इतकं खूश मी त्यांना गावाकडेही कधी पाहिलं नव्हतं. मग आम्ही चौतीस सेक्टरच्या बाजूला एक चक्कर मारायला निघालो. ते पुढे गाडीवर, मागे स्कूटरवर मी आणि माझी मुलगी.

चौकाच्या अलीकडे एक ई-रिक्षा सवारी घ्यायला मध्येच थांबली. आण्णांची गाडी थांबली नाही. त्यांनी हँडल डावीकडे वळवलं, चाक फुटपाथच्या कडेला चढलं आणि ते पडले. डावं मनगट मोडलं. डोकं वाचलं, हेल्मेट होतं.

बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरने विचारलं, काय झालं अंकल? मी तोंड उघडायच्या आत आण्णाच म्हणाले, “पाव चूक गया साहेब. पेडल पीछे है, मेरा पाव मिला नही.” शरमिंदे होऊन म्हणाले. आणि मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझी पहिली लबाडी ती — एक मान हलवणं. त्याला शब्दही लागले नाहीत.

दुपारी गाडी आणायला गेलो. एका दुकानदाराने ती झाडाखाली लावून ठेवली होती. ब्रेकची सळई खाली लोंबत होती. पिन गायब. पेडलच्या कडीत तारेचा एक पिळाचा तुकडा अडकलेला. मी तो काढला आणि रस्त्याकडेच्या कचऱ्यात टाकला. तसाच मार्केटला गेलो, नवी पिन घेतली, कॉटर पिनांचं अख्खं पाकीट घेतलं, तिथेच रस्त्यावर बसून बसवली. पाय नीट फाकवले. गुरमेल पाजींच्या दुकानाकडे गेलो नाही. आजतागायत गेलेलो नाही.

दोन दिवसांनी, हात प्लास्टरमध्ये, आण्णा अंगणात उतरले. मी वरून पाहत होतो, मग खाली गेलो. ते गाडीपाशी उकिडवे बसले होते, जनावरापाशी बसावं तसे. चांगल्या हाताने त्यांनी पेडल दाबलं. मागचं चाक खांद्याने ढकलून पाहिलं. परत दाबलं.

“ब्रेक तर लागतोय की रं.”

“लागतोच की, आण्णा.”

एवढंच बोललो मी. तेव्हा त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं — संशयाने नाही हो, संशयाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. नुसतंच पाहिलं, आणि मग स्वतःच्या उजव्या पायाकडे. माझी मुलगी पायऱ्यांवर बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. तिने विचारलं, “आबा, आपको ब्रेक मारना नहीं आता?” आण्णा हसले. म्हणाले, “येत हुतं बाळा. इसरलो.”

मी तिथेच उभा होतो. आणि उभ्या उभ्या वर आणखी हे बोललो — “आण्णा, आता बास गाडी. वय झालं.” काळजीच्या सुरात बोललो. कुणीही म्हणालं असतं, किती काळजी घेतो पोरगा. हे वाक्य मी का बोललो? कुणी मला विचारलंही नव्हतं. मागे वळून पाहिलं की त्या तारेपेक्षा मला हे वाक्यच जास्त खुपतं. तार आळसाची होती. वाक्य विचार करून आलं होतं.

आण्णांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं, घालतील.

गावी गेल्यावर त्यांनी आपली गाडी चुलतभावाला देऊन टाकली. निवृत्तीनंतरही त्यांना वस्त्यांवरून बोलावणं यायचं — गाय खात नाही, शेळीचा पाय अडकला, डॉक्टर तालुक्याला गेलेत, तुम्हीच या आण्णा. आठवड्यातून चार-पाच चकरा व्हायच्या. आता कुणी न्यायला आलं तर जातात, मागे बसून, मांडीवर पिशवी धरून. न्यायला येणं दर वेळी लोकांना जमत नाही. हळूहळू फोन कमी झाले. मागच्या मे महिन्यात मी घरी होतो, तेव्हा दुपारभर ओट्यावर बसले होते. रस्त्यावरून कुणाचीही मोटरसायकल गेली की डोळे तिच्यामागे जात.

आई सांगते, शिडीवर चढत नाहीत. विहिरीच्या कडेला जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, पाय भरवशाचा ऱ्हायला न्हाई. पंढरपूरच्या एका डॉक्टरने नसा तपासल्या, काही सापडलं नाही. तरी वयाचं म्हणून गोळ्या दिल्या, त्या रोज रात्री जेवणानंतर घेतात. मी फोनवर आठवण करून देतो. हो — मीच आठवण करून देतो. “आण्णा, पायाची गोळी घेतली का?” “घेतली बाबा.”

तर आता ते सांगतो, ज्याच्याभोवती इतका वेळ फिरतोय.

त्या सकाळी मी त्यांच्या मागे दहा-पंधरा फुटांवर होतो. ई-रिक्षा थांबली आणि आण्णांचा उजवा पाय मी डोळ्यांनी पाहिला. तो चुकला नव्हता. चाचपडला नव्हता. क्षणात पेडलवर पडला, बरोबर मधोमध, आणि पेडल पार खालपर्यंत गेलं. मग त्यांनी ते पुन्हा दाबलं, सगळं वजन टाकून. त्या पेडलला पुढे काहीच जोडलेलं नव्हतं. जोडायचं काम माझं होतं.