खरात मॅडम आणि आवारातली शेळी

पोषण महिन्यातल्या पाककृती स्पर्धेत मी पहिला नंबर शेळीच्या खाण्याला दिला.

स्पर्धा गावच्या समाजमंदिरात होती. परीक्षक मी, कारण आमच्या तालुक्यात आहारशास्त्र शिकलेली सरकारी माणसं दोनच, आणि दुसरीला, म्हणजे खरात मॅडमना, माईकपासून लांब ठेवावं असं आमच्या तालुक्याच्या साहेबांचं मत होतं. अंगणवाडीताईंनी टेबलावर ज्वारीचे धपाटे, शेवग्याच्या पाल्याच्या वड्या, मटकीची उसळ असं हौसेनं मांडलं होतं. अगदी कडेला एका गंजीत, म्हणजे पातेल्यात, काहीतरी तपकिरी, घट्ट, गुळाचा वास येणारं होतं. मी एक चमचा चाखला. मग, भूक लागली होती म्हणून, दुसरा. माईक हातात घेऊन ‘साधेपणातली पौष्टिकता’ या विषयावर बोललो. पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनीही चमचाभर खाऊन मान डोलावली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून एक म्हातारी गर्दी सारत पुढे आली.

“अवं माय, माही गंजी इथी कोनं आनली? म्या ओट्यावर ठेवली व्हती. शेळीचं हाये ते! पंधरा दिस झाले व्याली बिचारी.”

हसल्या त्या एकट्या खरात मॅडम. हसल्या, आणि मधेच थांबल्या.

“आजी, ह्यात टाकलं काय?”

“अंगणवाडीचं पाकीट. माह्या नातीच्या, दुर्गीच्या नावाचं येते. थे खातच नाही.”

मॅडम साहेबांकडे वळल्या. “साहेब, निकाल बरोबर हाय. आपलं पाकीट कुणाच्या अंगी लागतंय ते आज कळलं. आता पोरगी बघायला चला.”

साहेब रुमालानं तोंड पुसत गाडीकडे गेले. पोरगी बघायला आम्ही दोघंच गेलो.

खरात मॅडम देऊळगाव राजाच्या. ‘का’ विचारायला आमच्याकडे सगळे ‘काऊन’ म्हणतात, त्या ‘कामून’ म्हणायच्या, आणि दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की साहेब लोक त्यांना टाळायचे. पोषण पुनर्वसन केंद्रात त्या कंत्राटी आहारतज्ज्ञ होत्या. “माझी नोकरी अकरा महिन्यांची, पोरांची भूक बारा महिन्यांची. घोळ तिथंच हाय,” असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. पदवीधर म्हणायच्या, आणि ते कौतुक नव्हतं.

त्यांची एक खोड गावोगाव माहीत होती. कुणाच्याही घरी गेल्या की सरळ चुलीपाशी जायचं आणि भांड्यांवरची झाकणं उचलायची. बायका चिडत, सासवा शिव्या देत. “काय खाता विचारलं की माणूस सणाचं सांगतो,” त्या म्हणत. “भांडं रोजचं सांगतं.” लोकांनी त्यांचं नाव झाकणवाली बाई ठेवलं होतं. स्वभाव काही गोड नव्हता. केंद्रातल्या स्वयंपाकिणीला त्यांनी रडवलेलं मी पाहिलं आहे. आणि जगाला वरण घट्ट करायला सांगणारी ही बाई स्वतः दुपारी चहात बिस्किटं बुडवून जेवण झालं म्हणायची.

मीही एकदा ती युक्ती करून पाहिली. वरवट बकालला एका घरात शिरून मोठ्या रुबाबात झाकण उचललं आणि वरणाचा वास का येत नाही म्हणून नाक आत घातलं. आत सोड्याच्या पाण्यात बाळाची दुपटी उकळत होती. घरधनी मागून म्हणाला, “काऊन बे, धुनं चाखून राह्यला काय?” मॅडमना हे कळल्यावर त्यांनी मला चहा पाजला. पुन्हा कधी कुणाचं झाकण उचलायचं नाही, या अटीवर.

तर दुर्गी. वय दोन वर्षं, अंगानं जेमतेम सहा महिन्यांची. उंबऱ्यात बसून आमच्याकडे बघत होती. रडली नाही, हे मॅडमना आवडलं नाही. “रडणारं पोर अर्धं बरं असतं,” त्या पुटपुटल्या आणि चुलीकडे गेल्या. पाण्यासारखं वरण, भाकर, मिरचीचा ठेचा. ठेचा पोरीला झोंबायचा, म्हणून ती चहात भाकर बुडवून खायची. पाकिटाचं खाऊन एकदा पोट बिघडलं, तेव्हापासून ते बंद.

“आजी, शेळीला घालता आणि नातीला नाही? कामून?”

आजी ठसक्यात म्हणाली, “शेळी खाते, मंग दूध देते, थे दूध पोट्टीलेच देतो ना बाप्पा! तुमाले समजत नाही काय?”

मला तर हे पटलंच. मी मान हलवायला लागलो होतो. मॅडमनी चुलीवरच्या चहाचं झाकण उचललं. शेळीचं दूध तिथं होतं, घरातल्या पुरुषांसाठी.

पोरीला केंद्रात दाखल करणं भाग होतं. आई सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, जायची, म्हणून सोबत आजीनं राहायचं ठरलं. आजी म्हणे, “शेळीले कोन पाहीन? मी नाही येत.” मॅडमनी क्षणभरही विचार केला नाही. “शेळीला पण आणा.” आणि केंद्रामागच्या लिंबाखाली शेळी आणि तिची दोन पिल्लं बांधली गेली. दावं मॅडमनी स्वतः बांधलं.

पहिले काही दिवस दुर्गी चमच्याकडे बघून तोंड फिरवायची. मॅडम तिला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसत. एका सकाळी स्वयंपाकिणीनं तिच्यापुढची वाटी उचलली आणि पोरीनं भोकाड पसरलं. मॅडम ओरडत बाहेर आल्या, “अरे, रडली! खायला मागून रडली!” मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात साहेबांचा मला फोन आला. “आवारात शेळी बांधली आहे म्हणे?”

मला वाटलं, कौतुक पोहोचलं. “हो सर! मॅडमनी स्वतः बांधली. म्हणून तर आजी राहिली. फोटो पाठवू?”

पाठवला. दुर्गी शेळीचा कान धरून उभी आहे, असा छान फोटो होता.

मॅडमचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं. नव्या आदेशात त्यांचं नाव नव्हतं. कारण विचारलं, तेव्हा कळलं: आवारात जनावर बांधून शिस्तभंग. मी घाबरत घाबरत मॅडमना फोटोचं सांगितलं.

“फोटोत पोरगी कशी आली?”

“चांगली आली, मॅडम.”

“मग झालं तर.”

बुलडाण्याच्या एसटीत बसताना त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. “वजन अजून भरलं नाही. आजी निघाली तर पाय धर, पण पोरीला जाऊ देऊ नको. आणि पदवीधर, भाषण नको.”

दुसऱ्या दिवशी आजीनं बोचकं बांधलं आणि मी भाषण दिलं. भिंतीवरचा तक्ता काढून प्रथिनं समजावली, वाढीची रेघ दाखवली. आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “झालं तुमचं? बाईच नाही तं कोनाच्या भरवशावर राहू?” म्हणाली आणि दावं सोडायला गेली.

मॅडमची जागा अजून रिकामी आहे. त्यांचं काम मी बघतो, असं कागदोपत्री आहे.

सोयाबीन निघाल्यावर मी त्या गावी गेलो. दुर्गी उंबऱ्यातच बसली होती. वजन केलं, तर केंद्रात जे चढलं होतं ते सगळं उतरलेलं. काट्यात बसवली तरी रडली नाही. मी आजीला म्हणालो, परत चला, शेळीचं बघू काहीतरी.

“थे झाकणवाली बाई आली काय वापस?”

“नाही आजी. त्यांना काढलं.”

“काऊन?”

“शेळी बांधली म्हणून. साहेबांना फोटो मीच पाठवला होता.”

आजीनं हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. “शेळी तिनं पोट्टीसाठी बांधली. फोटो तं तुमी काढला, अन् शेळीचं खाऊन माईकवर तुमीच बोलले. मंग तिची नोकरी गेली, अन् तुमची कशी काय राह्यली?”