मामा शाळा तपासतात

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत मिळून अशी एकही वस्तू नसेल, जी आमच्या ह्यांच्या मामांनी एकदा तरी नापास केलेली नाही. वस्तू म्हणजे केवळ वस्तू नव्हेत हं. त्यात हापूस आंबे आले, लग्नातली जिलबी आली, पोस्टाची पेटी आली, दोन जावई आले आणि एक आमदारही आला. अंबरनाथच्या एका कारखान्यात मामांचा जन्म तपासणी खात्यात गेला. मशीनवर तयार झालेला सुटा भाग त्यांच्या टेबलावर यायचा, मामा तो मोजायचे आणि केसभर जरी चुकलेला असला तरी त्यावर लाल फुली मारून आल्या वाटेनं परत पाठवायचे. माणसं रिटायर होताना घड्याळ घेऊन येतात, शाल-नारळ घेऊन येतात. आमचे मामा लाल खडूंचा डबा घेऊन आले, आणि आमच्या नशिबानं उल्हासनगरला आमच्याच चाळीत, आमच्याच भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहायला आले.

तेव्हापासून आमच्या घरातली बादली, विळी, पोळपाट, कॅलेंडर, सगळं फुल्यांनी भरून गेलं. मी एक फुली पुसायची, तोवर ते दुसरी काढून मोकळे. सकाळी नळाला पाणी आलं की पहिला ग्लास मामांचा. प्यायला नव्हे, बघायला. खिडकीतल्या उजेडात तो धरून ते डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "आज जांभूळच्या प्लँटवर तुरटी जास्त पडलीय." धरण बारवीला, पाणी शुद्ध करायचं ते जांभूळला आणि त्याचा निकाल लागायचा आमच्या मोरीत! बाजारात जायचे तर प्रत्येक वांगं हातात घेऊन उलटंपालटं करायचे. कोपऱ्यावरचा सिंधी दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "साईं, लेने आए हो के चेकिंग को?" मामा शांतपणे म्हणाले, "चेकिंग. लेना बाद में." पुढे कधीतरी एका भाचीनं बदलापूरला कात्रप भागात फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मामा खिशात गोटी घालून गेले. हॉलच्या मधोमध गोटी ठेवली. ती गोटी सुटली ती थेट स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन थांबली. बिल्डरचा माणूस दात काढून म्हणाला, "काका, लादी धुतल्यावर पाणी आपोआप जाईल." मामांनी दाराच्या चौकटीवर फुली मारली आणि जिना उतरून निघून आले. मामींना मी एकदा विचारलं, "तुम्ही कसं काय सहन करता हो?" तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मला तरी कुठं पास केलंय? तपासणी चालू आहे."

अशा माणसाची आणि माझ्या मुलीची जोडी कशी जमली, देव जाणे. आमची चिमी म्हणजे मुलखाची अबोल. घरात बोलायची, पण कुजबुजल्यासारखी. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तोंडाला कुलूप. पाहुणे आले की ही कपाटामागे. दुकानात पाठवावी तर हातात पैसे धरून गप्प उभी, शेवटी दुकानदारच एकेक बरणी दाखवायचा. मामा मात्र तिला चालायचे, कारण ते तिला कधी काही विचारायचेच नाहीत. दोघं संध्याकाळी पायरीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहायची. मामा मधेच म्हणायचे, "त्या सायकलचं मागचं चाक बघ." चिमी बघायची आणि मान हलवायची. झालं, एवढंच संभाषण. पण तेवढ्यावर पोरीचा चेहरा फुलायचा.

तिला पहिलीत घालायची वेळ आली आणि माझा जीव टांगणीला लागला. अंबरनाथला एक इंग्रजी शाळा होती, तिथं आम्ही तिला मुलाखतीला नेलं. आता पाच-सहा वर्षांच्या पोराची कसली मुलाखत घेतात, पण घेत होते खरं. तिथल्या बाईंनी सफरचंदाचं चित्र पुढं धरलं. चिमी चित्राकडे बघेचना, बाईंच्या कानातल्या लोलकांकडे बघत बसली. बाईंनी मग छत्री दाखवली, पोपट दाखवला. चिमी गप्प. बाईंनी चित्रं गोळा केली, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "बेबी थोडी स्लो आहे. आमच्याकडे कठीण जाईल." मी घरी येऊन पदर डोळ्यांना लावून बसले. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं, म्हणजे ह्यांनाही लागलंच होतं. मामा दारात उभे होते. जन्मभर दुसऱ्यांचा माल परत पाठवणारा तो माणूस, पण त्या दिवशी चेहरा असा झाला, जसं काही त्यांनाच कुणी परत पाठवलंय. "चित्र दाखवून?" ते म्हणाले. "एका बैठकीत? अगं, लोखंडाच्या तुकड्यालासुद्धा थोडं इकडेतिकडे चालतं. त्याला टॉलरन्स म्हणतात. पोराला तेवढासुद्धा देत नाहीत?" दुसऱ्या दिवशी त्या शाळेच्या फाटकाच्या खांबावर एक चांगली वीतभर लाल फुली उमटली. वॉचमन मामांच्या मागे कोपऱ्यापर्यंत धावला म्हणे. मामींनी दोन दिवस त्यांना घराबाहेर पडू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते माझ्यापुढं येऊन बसले. "सूनबाई, आता उलटं करू. आपण शाळा तपासायची." आणि त्यांनी निवडली ती आमच्या कॅम्पातल्या, फाळणीनंतर सिंधी निर्वासित जिथं राहिले त्या जुन्या बराकीतली नगरपालिकेची प्राथमिक शाळा. एकाच बराकीत पूर्वी दोन शाळा भरायच्या, एक मराठी, एक सिंधी. दोन्हीकडची पोरं हळूहळू इंग्रजीकडे गेली, वर्ग निम्मे रिकामे पडले, तेव्हा तिथल्या सिंधी हेडबाईंनी आणि मराठी गुरुजींनी मिळून पहिलीची पोरं एकत्रच बसवायला सुरुवात केली होती. मधल्या सुट्टीपर्यंत मराठी, सुट्टीनंतर सिंधी. चाळीत ही बातमी पसरायची खोटी, सगळ्यांची तोंडं सुटली. समोरच्या वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई गं, हिला एक भाषा धड येईना आणि तुम्ही दोन-दोन लादताय? पोरीचा पार गोंधळ होईल." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

मामा चिमीचं बोट धरून शाळेत गेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात चकचकीत बूट. हेडबाईंना वाटलं, खात्याचे साहेब अचानक तपासणीला आले! मग काय, खुर्ची पुसली गेली, चहा आला, गुरुजी शर्टाचं वरचं बटण लावत धावत आले. मामांनी मडक्यातलं पाणी ग्लासात घेऊन उजेडात धरलं. मुतारीत डोकावले. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. छपराचे पत्रे निरखले. आणि सगळं झाल्यावर चहा पीत म्हणाले, "मी खात्याचा नाही हो. मी हिचा आजोबा." हेडबाई जाडजूड, ठसठशीत कुंकवाच्या, आवाज खणखणीत. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे देवा! मग तर जास्तच भीती, साईं. खातेवाले तर एक दिवसात जातात!"

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मामा गेलेच नाहीत. रोज चिमीला घेऊन जायचे आणि पहिलीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात बसायचे. मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत हे चाललं. सुट्टी संपून शाळा उघडली, तरी निकाल नाही. चाळीतल्या सगळ्या पोरांची नावं कुठं ना कुठं लागली, दप्तरं आली, गणवेश शिवून झाले, आणि माझी पोर आपली व्हरांड्यातच! एक दिवस माझं डोकंच फिरलं. मी लाटणं हातात घेऊनच त्यांच्या खोलीत शिरले. "मामा, पास की नापास? एकदाचं सांगा. तुमच्या तपासणीपायी माझ्या लेकीचं वर्ष जाईल." मामी हळूच म्हणाल्या, "सांगा हो, तिच्या हातात लाटणं आहे."

मामांनी मला बसायला सांगितलं. आणि मग ते जे बोलले, तेवढं सलग बोललेलं मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "पत्रा गळतोय," ते म्हणाले. "मुतारी नापास. पाण्याला झाकण नाही. सगळं सांगून आलोय, झाकण आलंसुद्धा. पण मी ते बघायला बसलो नव्हतो. मी बघत होतो, पोर गप्प बसलं की बाई काय करते. त्या फळ्यावर गुरुजी मराठी डावीकडून लिहितात, बाई सिंधी उजवीकडून लिहिते, त्यांची अक्षरं तशीच चालतात. मराठी चाललं की सिंधी पोरं गप्प. सिंधी चाललं की मराठी पोरं गप्प. त्या वर्गात अर्धी पोरं कायम गप्पच असतात, सूनबाई! बाई विचारते, थोडी थांबते, नाही आलं उत्तर तर पुढच्याला विचारते. तोंड वाकडं करत नाही. गप्प बसलेलं पोर ढ असतं, असं तिथं कुणाला वाटतच नाही. आपली चिमी तिथं वेगळी दिसणार नाही गं."

मी लाटणं खाली ठेवलं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आम्ही सगळे इतके दिवस पोरीला बोलतं करायच्या मागे लागलो होतो, आणि हा विक्षिप्त म्हातारा तिला गप्प बसायला जागा शोधत फिरत होता. मी वाकून नमस्कार केला, तर मामा लगेच पाय मागे घेत म्हणाले, "पोळी करपेल तिकडे."

दुसऱ्या दिवशी आम्ही नाव घालायला गेलो. मी मनात घोकत होते, आता ह्या बाई चिमीला काही विचारतील, ही बोलणार नाही, मग मी असं सांगेन, तसं सांगेन. हेडबाईंनी विचारलंच नाही काही. "हिला काय विचारायचं? ही तर आमचीच आहे, रोज येते," म्हणाल्या आणि चिमीला "अचु" म्हणजे "ये" म्हणत हाताला धरून सतरंजीवर दोन मुलींच्या मधे नेऊन बसवलं. चिमी बसली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मामांनी मात्र तीनदा खिडकीतून बघितलं.

त्यानंतर तरी ते थांबतील की नाही? छे! "माल पास झाला म्हणून काम संपत नाही. वापरात कसा चालतोय ते बघायला नको?" असं म्हणून ते रोज मधल्या सुट्टीला शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. चिमी डबा घेऊन बाहेर यायची, त्यांच्या शेजारी पानाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून खायची, एक घास त्यांना द्यायची आणि आत जायची. शाळेत मात्र ती बोलेना. मराठीत नाही, सिंधीत नाही. गणपती आले, गेले, दिवाळी झाली. मी रोज मामांना विचारायची, "बोलली?" मामा मान हलवायचे. "ऐकतेय," एवढंच म्हणायचे. समोरच्या वहिनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायच्या. मी वरवर हसायची आणि आत येऊन देवापुढं उभी राहायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी दारात बसून तांदूळ निवडत होते. सुट्टी संपायची घंटाही झाली नसेल, आणि मामा एकटेच परत येताना दिसले, नेहमीपेक्षा सावकाश. सूप बाजूला टाकून मी उठले. "काय झालं? पडली का ती?"

"बोलली," मामा म्हणाले.

मला आधी कळेचना. मामा पायरीवर टेकले. बूटसुद्धा काढले नाहीत. "मी फाटकापाशी उभा होतो. ही आली, तर बरोबर तिघीचौघी. एक जण माझ्याकडे बोट दाखवून हसत होती. ही जरा थांबली. मग त्यांना म्हणाली, 'हलो, हलो'. म्हणजे चला चला. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'आजोबा, तुम्ही आता घरी जा. रोज रोज येऊ नका.' मोठ्यानं, सूनबाई! पानवाल्यानं मान वर करून बघितलं, इतक्या मोठ्यानं. त्यांना सिंधीत, मला मराठीत. जराही गोंधळ नाही."

सांगताना ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांच्या गावीही नव्हतं. मला तर हसू आणि रडू एकदमच फुटलं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, जिथं एरवी चिमी बसायची. पदरानं डोळे पुसून मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" मामा म्हणाले. "जा म्हणाली. आलो."